‘माझ्याकडून चूक झाली’: लैंगिक गुन्ह्यांतले दोषी स्वतःचं समर्थन कसं करतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि कधी कधी खुद्द दोषी माणसाच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. अवतरणांतली वाक्यं कोणा एका माणसाची किंवा एका खटल्यातली नाहीत. अशा प्रकरणांत वाडीवाडीत जे बोललं जातं, त्याचा तो नमुना आहे. यातली बहुतेक वाक्यं दोषी माणसाने तुरुंगात बसून शोधलेली नसतात. ती त्याला आपल्याच ओट्यावर, पारावर, एसटी स्टँडवर तयार मिळालेली असतात. म्हणून हे पान त्याच्यापेक्षा आपल्यासाठी जास्त आहे.

हा माणूस जाणूनबुजून खोटं बोलतो, की त्याला खरंच तसं वाटतं?

दोन्ही, आणि बरेचदा एकाच वेळी. सुरुवातीला बचावासाठी रचलेली गोष्ट दहा वेळा सांगून झाली की सांगणाराच तिच्यात राहायला लागतो.

या विषयावरचा एक जुना अभ्यास आजही उपयोगी पडतो. डायना स्कली आणि जोसेफ मारोला या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगांत बलात्काराची शिक्षा भोगणाऱ्या ११४ पुरुषांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्यांना दोन तऱ्हेची माणसं दिसली. काही जण गुन्हा कबूल करत, पण लगेच सबब जोडत: दारू प्यायलो होतो, मन ठिकाणावर नव्हतं, एरवी मी असा नाही. दुसरे म्हणत की जे झालं त्याला गुन्हा म्हणायचंच कशाला? तीच मागे लागली होती, ‘नाही’ म्हणत होती पण मनातून तयार होती, तशीही ती चांगल्या चालीची नव्हती. पहिल्याच्या लेखी कृत्य वाईट, पण जबाबदार तो नाही. दुसऱ्याच्या लेखी तो जबाबदार, पण कृत्यात वाईट काही नाही. दोघांना वाचवायची असते ती एकच गोष्ट: आपण चांगल्या घरातले, साधे, सरळ आहोत ही स्वतःच्या डोळ्यांतली आपली किंमत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त काय ऐकू येतं?

‘पाय घसरला.’ ‘मोह आवरला नाही.’ ‘माझ्याकडून होऊन गेलं.’ या वाक्यांत करणारा कोणीच नसतो. जणू पावसात शेवाळावरून माणूस पडावा, तसं काहीतरी घडून गेलं. प्रत्यक्षात त्याने वेळ निवडलेली असते. घरची माणसं कलमं करायला बागेत गेली आहेत, म्हातारी कानाने ऐकत नाही, पोरगी एकटीच पाण्याला येते, हे त्याला ठाऊक असतं. पाय घसरलेल्या माणसाला दार आतून लावायला वेळ मिळत नाही.

मग नुकसान नाकारलं जातं. ‘तिला काय झालंय? चांगली शाळेत जाते, हसते, खेळते.’ मूल हसतं म्हणजे त्याला काही झालं नाही, हा हिशोब फार जणांना पटतो. त्यात शिक्षकही आले, म्हणून मुद्दाम सांगायचं. पुष्कळ मुलं वरवर नेहमीसारखीच वागतात, कारण घरात कोणाला कळू नये ही जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली असते.

मग पीडितेकडे बोट दाखवलं जातं: तिचे कपडे, तिचा मोबाईल, रात्री दशावतार बघायला गेली म्हणून, शिमग्यात पालखीबरोबर नाचली म्हणून. त्यानंतर तक्रार करणाऱ्यांकडे: ‘यांच्या घरात काय कमी भानगडी आहेत?’ शेवटी मोठी निष्ठा पुढे येते: घराण्याचं नाव, गावाची अब्रू, देवस्थानातला मान. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांच्या अभ्यासातून दोष झटकण्याच्या ज्या पाच तऱ्हा मांडल्या, त्या याच: जबाबदारी नाकारणं, नुकसान नाकारणं, पीडिताला पीडित न मानणं, दोष देणाऱ्यालाच दोषी ठरवणं आणि मोठ्या निष्ठेचा आधार घेणं. त्यांच्यासमोर अमेरिकेतली किशोरवयीन मुलं होती, आपल्यासमोर आपल्याच आळीतला माणूस असतो, एवढाच फरक.

‘जमिनीच्या वादातून, भाऊबंदकीतून अडकवलंय.’ हे खरंही असू शकतं ना?

असू शकतं. सामाईक सातबारा, वाटपाचे दावे आणि बांधावरची भांडणं कोकणात घरोघरी आहेत. म्हणूनच तर ही सबब इथे इतक्या सहज चालते. ज्या घरात वाद नाही असं घर शोधून सापडत नाही, त्यामुळे कोणत्याही तक्रारीला ती जोडता येते. वाद आहे एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. उलट, जिच्या घरच्यांना भाऊबंदांत कोणी विचारत नाही, तिच्यावर हात टाकणं सोपं, असा हिशोबही केला जातो. खरं-खोटं ठरवायला न्यायालय आहे. हे पान ज्यांचा गुन्हा न्यायालयात शाबीत झाला, त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यातले बरेच जण शिक्षेनंतरही जमिनीचीच गोष्ट सांगत राहतात.

दारूमुळे होतं का?

दारूने धीर वाढतो, लाज कमी होते. इच्छा दारूतून येत नाही. वाडीत पिणारे कितीतरी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी कोणाच्या अंगाला हात लावलेला नाही. आपणहून घेतलेली नशा ही कायद्यात बचाव ठरत नाही. जुन्या दंडसंहितेत तसंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसंच आहे.

लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस स्वतःला काय सांगतो?

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण बाहेरच्यांना सगळ्यात अशक्य वाटणारी समर्थनं याच गुन्ह्यात सापडतात आणि ती सगळ्यात शांत आवाजात सांगितली जातात.

‘मी लाड करत होतो.’ ‘पोरगी स्वतःच मांडीवर येऊन बसायची.’ ‘तिला आवडायचं, नाहीतर पुन्हा आली असती का?’ ‘कोणीतरी शिकवणारच होतं.’ न्यूझीलंडचे मानसशास्त्रज्ञ टोनी वॉर्ड यांनी थॉमस कीनन यांच्यासोबत १९९९ मध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्यांच्या अशा विधानांच्या मुळाशी असलेल्या पाच समजुती मांडल्या. मुलांनाही लैंगिक इच्छा असते आणि ती मोठ्यांकडून पुरी व्हावी असं त्यांना वाटतं. मला जे हवं ते घेण्याचा मला हक्क आहे. जग वाईट आहे, मोठी माणसं दगा देतात, मुलंच काय ती निर्मळ. माझ्यावर माझा ताबा नाही. आणि मारहाण केली नाही तर इजा होत नाही. पाचही एकाच माणसात असतात असं नाही, पण ऐकायला लागलं की यातली एखादी तरी सापडते.

हक्काची समजूत आपल्याकडे फार खोल आहे. घर चालवणारा, फी भरणारा, गणपतीला मुंबईहून सगळ्यांसाठी कपडे आणणारा काका किंवा मामा घरात मोठा असतो. त्याच्याजवळ जायला मूल कचरलं तर आपणच त्याला पुढे ढकलतो: ‘जा, काकांच्या जवळ बस, किती दिवसांनी आलेत.’ मुलाच्या ‘नको’ला घरात किंमत नाही हे तो माणूस तिथेच बसून पाहतो. चाकरमानी म्हणजे संशयित असं मुळीच म्हणायचं नाही. अत्याचार करणारा गावात राहणारा, रोज समोर दिसणारा शेजारीही असतो, शिकवणीचा मास्तरही असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अनोळखी माणसाला कारण शोधावं लागत नाही. ओळखीच्याला लागतं, कारण उद्या सकाळी त्याच ओटीवर बसून त्याच घरचा चहा घ्यायचा असतो.

‘फक्त हात लावला’, ‘कपड्यांवरून तर होतं’ हाही असाच एक जिना. पहिली पायरी लहान ठरली की पुढची लहानच वाटते. हा विचार गावातच अडकलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने थेट त्वचेला स्पर्श न झाल्याच्या कारणावरून एका आरोपीला पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलमातून मोकळं केलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि हेतू लैंगिक होता का, हे महत्त्वाचं असल्याचं सांगितलं. कपडा मध्ये होता की नव्हता, यावर मुलीचं भय मोजता येत नाही.

‘तिची संमती होती’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत कायद्याने मुळातच बाद आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे, मुलगा असो वा मुलगी. मुलग्यांचं मुद्दाम लिहितो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून झाला होता. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. तरी ‘पोराला काय होतंय’ हे आजही चालून जातं.

हे विचार गुन्ह्याच्या आधी येतात की पकडलं गेल्यावर?

अभ्यासकांत यावर वाद आहे आणि तो बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये सांगितलं की मुलावर अत्याचार होण्याआधी चार अडथळे ओलांडले जातात: आधी इच्छा तयार होते, मग आतला धाक मोडला जातो, मग बाहेरची राखण चुकवली जाते, शेवटी मुलाचा विरोध. आतला धाक मोडण्याचं काम सबबीच करतात, म्हणजे त्या आधीच आलेल्या असतात.

शाड मारुना आणि रूथ मॅन यांनी २००६ मध्ये दुसरी बाजू मांडली. चूक झाल्यावर कारणं देणं हा माणसाचा सर्वसाधारण स्वभाव आहे. नंतर दिलेल्या प्रत्येक सबबीला गुन्ह्याचं मूळ समजू नये. मला दोन्ही पटतं. पोलीस ठाण्यात ‘दारूत होतो’ म्हणणाऱ्याचं ते वाक्य नंतरचं असू शकतं. पण ‘पोरींना कळतं सगळं, दाखवत नाहीत’ असं जो पारावर वर्षानुवर्षं बोलत आलाय आणि ज्याला कोणी कधी अडवलं नाही, त्याचं वाक्य आधीचं आहे.

‘तिने आरडाओरडा केला नाही’ याला उत्तर काय?

भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. पण ओरडली नाही म्हणजे तयार होती, ही सबब एके काळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली होती. १९७२ मध्ये आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं ते प्रकरण. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना अंगावर खुणा नाहीत, विरोध दिसत नाही असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की शरण जाणं म्हणजे संमती कशी? देशभर चळवळ उभी राहिली, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज शारीरिक विरोध केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

‘तो लग्न करायला तयार आहे, मग मिटवायला काय हरकत?’

हरकत आहे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात मधुमिता पांडे या संशोधिकेने बलात्काराच्या शिक्षा भोगणाऱ्या शंभराहून जास्त कैद्यांशी बोलणं केलं. त्यातल्या एकाने पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला होता. त्याला वाईट वाटत होतं ते असं, की आता तिच्याशी कोणी लग्न करणार नाही, म्हणून बाहेर आल्यावर आपणच करू. तो पश्चात्तापच बोलत होता, पण त्यात ती मुलगी कुठेच नव्हती, फक्त तिचं ‘खराब होणं’ होतं. आपण लग्नाचा तोडगा काढतो तेव्हा त्याचाच विचार पुढे नेतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मध्य प्रदेशच्या एका खटल्यात बजावलं आहे की बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड किंवा लग्नाचा विचार कोणत्याही परिस्थितीत करता येणार नाही. २०२१ मध्ये तर आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अटही त्याच न्यायालयाने रद्द केली.

त्याने देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली. तरी विश्वास नको?

ज्या गावात गाऱ्हाणं घातल्याशिवाय होडी समुद्रात जात नाही, तिथे शपथेचं वजन मला कळतं. पण वर लिहिलंय तसं, त्याला आपण गुन्हा केला असं मनातून वाटतच नसेल तर शपथ घेताना त्याचा हात थरथरणार नाही. ‘बाहेरची बाधा होती’ हेही तसंच. मुलीला किंवा तिच्या आईला कौल लावायला उभं करू नका. त्या वयात, सगळ्या गावासमोर, आपलं खरं-खोटं देवाच्या अंगावर लावलेल्या कळ्यांनी ठरतंय हे पाहणं हा दुसरा अत्याचार आहे.

बायको आणि आई त्याच्याच बाजूने का उभ्या राहतात?

पोटासाठी, भीतीपोटी, आणि कधी कधी खरोखर न पटल्यामुळे. ज्याच्याबरोबर वीस वर्षं संसार केला तो हे करू शकतो हे मान्य केलं, तर त्या वीस वर्षांचं काय करायचं? मग त्याने दिलेली सबब तीही उचलते. तिला नावं ठेवून काही साधत नाही. तिच्या हातात स्वतःचं रेशनकार्ड, स्वतःचं खातं आणि माहेरचा एक फोन असेल, तर ती खरं बोलायची शक्यता वाढते.

तक्रार केली म्हणून गावकीने वाळीत टाकलं तर?

हाही समर्थनाचाच भाग आहे, फक्त तो गावाने मिळून केलेला. बैठक बसते, ‘गावाचं नाव पोलीस ठाण्यात नेलं’ असा ठपका येतो, दुकानदाराने सामान देऊ नये, मयताला कोणी जाऊ नये. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. रायगडमधल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी त्या मागणीला मोठं बळ दिलं होतं. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पॉक्सोखालचा गुन्हा बैठकीत दाबणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: अशा गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यातून सरपंच, मुख्याध्यापक, गावकीचे मानकरी कोणी सुटत नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

गुन्हा मनापासून कबूल केला म्हणजे सुधारला, असं धरायचं का?

नाही, आणि हे उत्तर अनेकांना खटकतं. कार्ल हॅन्सन आणि केली मॉर्टन-बुर्गाँ यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र तपासले. गुन्हा नाकारणं किंवा पीडिताबद्दल सहानुभूती नसणं यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध त्यांना आढळला नाही. संबंध दिसला तो विकृत लैंगिक ओढ आणि समाजविरोधी वृत्ती यांचा. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत अशा कैद्यांसाठी एक मोठा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. २०१७ मध्ये त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८ टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं दिसलं. तो कार्यक्रम बंद झाला.

म्हणजे नुसतं रडून कबूल करणं हा सुधारल्याचा पुरावा नाही. माणूस कसा जगतोय, मुलांजवळ एकटा जायची संधी शोधतोय का, राग आणि एकटेपणा कसा हाताळतोय, कामधंदा आहे का, हे बघायला लागतं.

शिक्षा भोगून तो वाडीत परत आलाय. आम्ही कसं वागायचं?

मारहाण नको, घर जाळणं नको; पूर्ण तोडून टाकलेला माणूस जास्त धोकादायक होतो. पण ‘झालं गेलं विसरा’ हेही नको. शाळा, शिकवणी, बालवाडी, गणपतीच्या आरतीनंतर मुलांना घरी पोचवणं अशा कुठल्याही कामात तो एकटा नको. ज्या मुलीने सोसलं तिच्या वाटेत तो येणार नाही, आणि वाट बदलायची वेळ आली तर ती त्याने बदलायची, हे घरच्यांनी त्याला स्पष्ट सांगावं. ‘आता तरी विश्वास ठेवा’ असं तो म्हणेल. नियम पाळणं हेच त्याच्या हातात आहे; विश्वास कधी ठेवायचा हे त्याने मागायचं नसतं.

समोर कोणी अशी सबब सांगायला लागला तर मी काय बोलू?

भांडण नको, मानही हलवू नका. ‘पाय घसरला’ला ‘तू काय केलंस ते सांग’ एवढंच पुरे. ‘तिचं वागणंच तसं’ असं म्हटलं की ‘मोठा कोण होता?’ विचारा. आणि मूल काही सांगत असेल तर त्याच्यासमोर ‘तू का गेलीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे तोंडातून काढू नका. तो माणूस तिला हेच सांगत आलेला असतो. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस व तातडीची मदत) ला फोन करा. पॉक्सोनुसार मुलाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो. तसं मागायला संकोच करू नका. पीडितांसाठी असलेल्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं.

माझ्याच मनात लहान मुलांबद्दल असे विचार येतात. मी अजून काही केलेलं नाही.

विचार येणं हा गुन्हा नाही. हे वाचून तुम्ही थांबलात, तर आत्ताच मदत घ्या. मुलांबरोबर एकटं राहणं आजपासून बंद करा, तसे व्हिडिओ बघत असाल तर तेही. ते बघणं आणि जवळ ठेवणं हा गुन्हाच आहे आणि त्यातल्या प्रत्येक चित्रात एक खरं मूल आहे. ‘मी फक्त बघतो’ ही वर लिहिलेल्या सबबींपैकीच एक आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना खिडकीवर कारण सांगावं लागत नाही. ‘मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायचंय’ एवढंच म्हणा, बाकीचं आत गेल्यावर डॉक्टरांशी बोला.